तुम्ही विचारलंत म्हणून: घराला जास्तीचे किती गेले?

यंदाही संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तेच झालं. वाण हातात पडेपर्यंत सगळ्या थंडीवर आणि तिळगुळावर बोलत होत्या, आणि मग एक वहिनी दारात चप्पल घालता घालता म्हणाल्याच, "अगं ते तापत नाही असं घर बांधलंत म्हणे, जास्तीचे किती गेले? आणि वसूल कधी होणार?" दारात उभं राहून दोन मिनिटांत सांगण्यासारखं हे नाही, आणि हल्ली फोनवर, लग्नात, भाजीवाल्यापाशीसुद्धा हाच प्रश्न येतो, म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते.

जास्तीचे गेले एक लाख साठ हजार. सोलर यात नाही, त्याचं पुढे सांगते.

प्लॉट ३० बाय ५०, ग्वाल्हेरचाच, खाली-वर मिळून १८०० फुटांचं बांधकाम. त्या एक साठमधले जवळजवळ एक लाख एकट्या गच्चीवर गेले, बाकी खिडक्यांचे छज्जे आणि पश्चिमेच्या उभ्या पट्ट्या, थोडं ब्लॉकच्या भिंतीत, आणि दहा हजार कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी पंख्यांच्या फरकाचे. (साधा पंखा ७५ वॅट खातो, हा तिशीच्या आसपास, पाच पंखे बारा तास चालले की दिवसाला पावणेतीन युनिटचा फरक पडतो, यावर वाद घालायला माझ्याकडे वेळ नाही.)

गच्चीवर एवढे का, तर उन्हाळ्यात घरावर सगळ्यात जास्त ऊन झेलते ती गच्ची. भिंतीवर ऊन येतं-जातं, गच्ची सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत तापत राहते. आणि स्लॅब म्हणजे तवा आहे हो, गॅस बंद केला तरी शेवटची पोळी त्यावर फुगते ना, तसं दिवसभर प्यालेली उष्णता तो रात्री खाली सोडतो, म्हणून आपल्याकडे मे महिन्यात रात्री अकराला खोली बाहेरच्यापेक्षा गरम असते. भाड्याच्या घरात, थाटीपूरला, वरच्या मजल्यावर आम्ही चार उन्हाळे हेच भोगलं, दोन एसी पहाटे तीनपर्यंत. खालून पीओपीची सीलिंग लावली की झालं असं बरेच जण सांगतात पण मग तवा तापतोच, फक्त मध्ये एक पदर येतो. आम्ही स्लॅबच्या वरून ५० मिलिमीटरची एक्सपीएस शीट घातली, थर्माकोलची दणकट बहीण समजा, त्यावर कोबा आणि वरून पांढरे चायना मोझॅकचे तुकडे. बीईई म्हणजे सरकारच्या ऊर्जाबचतीच्या खात्याची इको निवास संहिता आहे २०१८ची, त्यात छताचा यू-व्हॅल्यू (छत किती उष्णता आरपार सोडतं त्याचं माप, कमी तेवढं चांगलं) १.२ च्या वर नको म्हटलंय, नुसता स्लॅब तीनच्या पुढे असतो आणि शीट घातली की ०.५ च्या आसपास येतो. ती संहिता ५०० चौरस मीटर आणि वरच्या प्लॉटसाठी आहे, आमच्यासारख्यांना कोणी विचारत नाही, पण ऊन काही प्लॉट मोजून पडत नाही.

आता इथे कोणीतरी म्हणणारच की जुने वाडे बघा, कसे गार असायचे. माझं सासरचं, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं घर दगडी, दोन फुटी भिंती, मधे चौक. खालचं माजघर गार होतं हे खरं. पण वरची खोली, जिच्यावर दगडी पट्ट्यांचं छत, ती भट्टी होती, आणि सगळं घर रात्री गाद्या घेऊन गच्चीवर झोपायचं, ते काही चांदणं बघायला नाही. जानेवारीत त्याच भिंती बर्फ. वाड्याचं कौतुक करणाऱ्यांपैकी वर झोपलेलं कोणी मला अजून भेटलेलं नाही.

जाळीचंही तसंच. मुहम्मद गौसच्या मकबऱ्यातल्या दगडी जाळ्या बघून आमच्या ह्यांनी ठरवलं की आपल्याकडेही पाहिजेत, आणि त्या आहेतच सुंदर, पण तिथे कोणाला स्वयंपाकघर झाडायचं नाहीये. लू (उन्हाळ्यातला गरम वारा) सुटली की जाळीतून जी धूळ येते ती मीच पुसते. शेवटी जाळी फक्त जिन्याच्या भिंतीला लावली.

खिडक्यांचं मात्र फार सोपं आहे आणि कोणी करत नाही. ग्वाल्हेर २६ अंशांवर आहे, जूनमध्ये भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर आणि डिसेंबरमध्ये दक्षिणेला चाळीस अंशांवर, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असला की उन्हाळ्यात ऊन बाहेर आणि थंडीत आत, सोफ्यापर्यंत. पश्चिमेचं ऊन आडवं येतं, त्याला छज्जा अडवू शकत नाही, तिथे खिडकीच लहान ठेवायची किंवा उभ्या पट्ट्या. आमची एक चूक राहिली, स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला मोठी ठेवली, आता तिथे एप्रिल ते जून वाळ्याचा पडदा टांगतो, ज्याला इथे खसची टट्टी म्हणतात आणि पुण्याचे पाहुणे दर वेळी दचकतात.

आता पैशाचं, कारण खरी गंमत तिथे आहे. बांधकामाचं कर्ज बँक एकदम देत नाही, प्लिंथ, लिंटल, छत, प्लास्टर असं टप्प्याटप्प्याने देते, आधी तुमचा हिस्सा घालायचा आणि मग त्यांचा माणूस येऊन बघून गेला की पुढचा हप्ता. आमचा छताचा स्लॅब ओतून झाला (इकडे लेंटर म्हणतात), त्यावर पाणी मारून झालं, शीट मागवायची वेळ आली आणि बँकेचा माणूस म्हणाला की तुमच्या एस्टिमेटमध्ये 'छत' हा टप्पा झाला, त्यावर ही शीट-बिट कुठेच लिहिलेली नाही, पुढचे पैसे प्लास्टर अर्धं झाल्यावर. चूक त्याची नव्हती, आमच्या इंजिनिअरने एस्टिमेटमध्ये एका ओळीत 'रूफ ट्रीटमेंट' लिहून सोडून दिलं होतं, रक्कमच नाही. ठेकेदार रोज सकाळी फोन करायचा, भाभीजी, अभी कोबा कर देते हैं, वो बाद में देखेंगे. कोबा झाल्यावर खाली शीट घालणार कशी ते त्यालाही माहीत होतं. मिस्त्री आणि दोन बेलदार बसून, आणि आम्ही दोघं रात्री वहीत आकडे मांडतोय. शेवटी ह्यांची एक एफडी मोडली आणि माझी भिशी नेमकी त्याच महिन्यात लागली, देव आहे असं मी तेव्हा म्हटलं, अजूनही म्हणते.

म्हणून एकच सांगते, कर्जाला अर्ज करायच्या आधी हे सगळं एस्टिमेटमध्ये वेगवेगळ्या ओळींत, रकमेसकट, इंजिनिअरच्या सहीने घालून घ्या, मागाहून काही होत नाही.

वसुलीचा हिशोब करताना स्वतःला फसवू नका. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी एक लाखाला महिना ८६८ रुपये हप्ता पडतो, म्हणजे एक साठला १३८९, वर्षाचे साडेसोळा हजारांच्या वर. आमचं उन्हाळ्याचं बिल भाड्याच्या घरापेक्षा महिन्याला दोनेक हजारांनी कमी येतं, चार महिने, वरून पंख्यांचं थोडं, सगळं मिळून दहा-अकरा हजार. म्हणजे नुसत्या बिलातून हप्ता निघत नाही. हे मी सगळ्यांना स्पष्ट सांगते आणि मग समोरच्याचा चेहरा पडतो. टॅक्समध्ये सुटतं असंही कोणी सांगेल, पण राहत्या घराच्या व्याजावरची दोन लाखांची वजावट जुन्या करपद्धतीत मिळते, आमचे हे नव्यात आहेत, आम्हाला शून्य.

मग फायदा कुठे झाला, तर दुसरा एसी घ्यावाच लागला नाही, आणि सोलर ३ किलोवॅटमध्ये भागलं. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, त्यात पहिल्या दोन किलोवॅटला ३०-३० हजार आणि तिसऱ्याला १८, म्हणजे ७८ हजार, आणि त्याच्या पुढे तुम्ही पाच लावा नाहीतर दहा, सबसिडी तेवढीच. घर तापणारं असतं तर आम्हाला पाच किलोवॅट लागलं असतं आणि वरचे दोन पूर्ण खिशातून. तीनला आमचे एक नव्वद लागले, ते आधी आपणच भरायचे, सबसिडी सगळं बसून मीटर चालू झाल्यावर खात्यात येते. दिवसाला बाराएक युनिट होतात, आणि हे मात्र चार-पाच वर्षांत वसूल होईल असं दिसतंय.

लोक नेमकं उलटं करतात. सोलर दिसतं, शेजाऱ्यांना दिसतं, म्हणून ते आधी, आणि गच्चीच्या आतलं कोणाला दिसत नाही म्हणून ते राहून जातं. सोलर पाच वर्षांनीही लावता येतं हो, तेव्हा कदाचित स्वस्तच मिळेल. फक्त स्लॅबच्या वेळी पॅनेलच्या पायांसाठी पेडेस्टल ओतून घ्या आणि मीटरपर्यंत एक रिकामा पाइप सोडा, नाहीतर मग ड्रिल घेऊन येतात आणि वॉटरप्रूफिंगची वाट लावतात.

आमच्या जिन्यावरच्या मुमटीचं छत मात्र तसंच राहिलं, शीट कमी पडली आणि पैसेही संपले होते. त्यामुळे कोणी फारच शंका काढली की मे महिन्यात रात्री दहाला बोलावते, आधी मुमटीच्या छताला हात लावायचा, मग स्टूल घेऊन आत खोलीच्या छताला. तसाच स्लॅब, फक्त वर शीट नाही. मुमटीत हात दोन क्षण ठेवता येत नाही. यंदा ह्यांनी तिथेही शीट घालायचा विषय काढला तर सासूबाईंनी साफ नाही सांगितलं, म्हणाल्या, कुरडया तिथे एका रात्रीत कडक वाळतात, त्या खोलीला हात लावायचा नाही.