अविश्वास ठराव: सरपंचपदाचा माझा अनुभव

सरपंचपद आणि नंतर पंचायत समिती, एवढी माझी कारकीर्द. त्यातली भाषणं नि उद्घाटनं नव्याने निवडून आलेल्या बायकांच्या काही कामाची नाहीत. त्या विचारतात ते एकच: अविश्वास आला तर करायचं काय?

आधी आकडेमोड. माझ्या वेळी सरपंच सदस्यांमधून निवडला जायचा. एक तृतीयांश सदस्यांनी तहसीलदारांकडे नोटीस दिली की महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 35 प्रमाणे सात दिवसांत विशेष सभा लागायची, अध्यक्षस्थानी तहसीलदारच. एरवी दोन तृतीयांश मतं पुरायची. पद महिलेसाठी राखीव असेल आणि त्यावर महिलाच असेल तर तीन चतुर्थांश लागायची. हे प्रमाण हजर असलेल्यांवर नाही, मतदानाचा हक्क असलेल्या एकूण सदस्यांवर मोजतात. नऊ जणांच्या पंचायतीत सहा नव्हे, सात. स्वतःला धरून तिघं टिकली की ठराव पडतो. सदस्य अचानक ‘सहलीला’ जातात ते या एका-दोघांसाठीच.

नोटिशीतली कारणं साचेबंद असतात. ‘विश्वासात घेत नाहीत’ याला उत्तर देत बसू नये. ‘मासिक सभा होत नाहीत’ आणि ‘नातेवाईक कारभार बघतात’ ही दोन मात्र कागदावर खोडता येतात. विशेष सभेत सरपंचाला बोलायचा आणि मत द्यायचा हक्क आहे. तिथे सभेच्या नोटिसा, त्यांच्या पोचा नि इतिवृत्त तारीखवार वाचून दाखवावं.

त्यासाठी प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांच्या इतिवृत्ताची वही, पहिल्या महिन्यापासून सांभाळावं लागतं. ‘सही करून ठेवा, मी नंतर लिहितो’ हे वाक्य प्रत्येक सरपंचबाईने ऐकलेलं असतं. कोऱ्या पानावर सही द्यायची नाही. शेवटच्या ठरावाखाली जागा उरली तर आडवी रेघ मारून मगच सही, नाहीतर त्या जागेत न झालेला ठराव येऊन बसतो. सूचक-अनुमोदकांची नावं तिथल्या तिथे लिहून घ्यावीत. ग्रामसभेचंही तसंच. गणपूर्ती 15 टक्के मतदार किंवा 100, यातला कमी आकडा. हजेरीच्या सह्या सभा चालू असतानाच घ्याव्यात. दुसऱ्या दिवशी घरोघर फिरवलेली वही चौकशीत लगेच ओळखू येते.

पैशाच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. पंधराव्या वित्त आयोगाचा 60 टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, 40 टक्के अबंधित. अशा निधीची देयकं सरपंच आणि ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) यांच्या डिजिटल सहीने निघतात. ती सही ज्या डोंगलमध्ये असते तो डोंगल संगणक परिचालकाच्या खणात आणि ओटीपीचा मोबाइल नवऱ्याच्या खिशात असेल, तर हस्तक्षेपाचा आरोप खराच ठरतो. डोंगल आपल्या कपाटात, नंबर आपला. महिन्याअखेर नमुना 5 ची रोकड वही बँकेच्या पासबुकाशी ताडून बघायची. फरक बहुधा न वटलेल्या धनादेशाचा असतो, पण त्याचा खुलासा लेखी मागावा.

आता सरपंच थेट जनतेतून निवडला जातो, त्यामुळे सदस्यांनी ठराव मंजूर केला तरी पुढे ग्रामसभेत गुप्त मतदान होतं. निवडीनंतरची पहिली दोन वर्षं ठराव आणताच येत नाही. कागद लावून घ्यायचे ते त्याच काळात. आणि ठराव कोणत्याही बाजूने लागो, त्या सभेच्या इतिवृत्ताची सहीशिक्क्याची नक्कल त्याच दिवशी अर्ज देऊन मागावी. जिल्हाधिकाऱ्यांकडे दाद मागायची मुदत फार थोडी असते.