तुम्ही विचारलंत म्हणून : कुत्र्याला बघून बदकं जवळ कशी येतात?

नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मराठी माणसाकडे कोईकरहोंट्ये जातीचा कुत्रा असला, की एक प्रश्न ठरलेला. तांबडा-पांढरा रंग, पांढरी झुपकेदार शेपटी, कानांच्या टोकांना डूल घातल्यासारखे लांब काळे केस. आधी सगळे त्याचे लाड करतात. मग मी सांगते, की हे कुत्रे शेकडो वर्षं रानबदकं पकडण्याच्या कामावर होते. लगेच विचारणा होते, "एवढासा कुत्रा बदक धरणार कसा? आणि ती उडून नाही का जाणार?" पुण्याहून आलेल्या मावशीपासून ऑफिसातल्या मित्रांपर्यंत सगळ्यांनी हे विचारलंय. चहाबरोबर सांगायला घेतलं तर अर्धंच राहतं, म्हणून इथे सगळं लिहिते.

कुत्रा बदक धरत नाही. त्याने बदकाकडे बघायचंही नसतं. दिसायचं आणि दिसेनासं व्हायचं, एवढंच त्याचं काम.

रानबदकं रात्री शेतांत आणि ओल्या कुरणांत चरतात आणि दिवसा विसाव्याला निवांत पाणी शोधतात. डच लोकांनी ते पाणी मुद्दाम करून ठेवलं. दाट झाडीच्या मधोमध एक तळं, आणि तळ्याच्या कोपऱ्यांतून निघणारे वाकडे चर. या सगळ्याला एन्डनकोई म्हणतात, किंवा नुसतंच कोई. ती सांभाळणारा तो कोईकर. चराच्या तोंडाशी पाणी रुंद असतं आणि त्यावर उंच कमानींवरून जाळी टाकलेली असते. आत जावं तसा चर वळत, अरुंद होत, बुटका होत जातो आणि टोकाला पिंजरा असतो. वळणामुळे तळ्यावरच्या बदकांना आतलं काही दिसत नाही. हे फार महत्त्वाचं, कारण वीस बदकं पकडली गेली तरी तळ्यावरच्या बाकीच्यांना पत्ता लागता कामा नये. नाहीतर उद्या तळं रिकामं.

चराच्या एका काठाने बोरूच्या तट्ट्या उभ्या असतात, माणसाच्या उंचीच्या, तिरक्या, एकीआड एक. त्यांच्यामागे उभं राहून बारीक फटीतून कोईकर पाण्याकडे बघतो. दोन उंच तट्ट्यांच्या मध्ये एक बुटकी तट्टी असते, ती कुत्र्याची. मी एका कोईत हे जवळून पाहिलंय. कोईकरने नुसतं बोट हलवलं. कुत्रा बुटक्या तट्टीवरून उडी मारून काठावर आला, पाण्याच्या कडेने दोन-चार पावलं चालला आणि पुढच्या फटीतून पुन्हा मागे. भुंकणं नाही, थांबणं नाही, मान वळवणंही नाही. तळ्यावरची पेंगणारी बदकं एकदम ताठ झाली, माना उंचावल्या आणि पोहत चराच्या तोंडाशी आली. कुत्रा पुन्हा दिसला तो एक तट्टी पुढे. बदकंही तेवढीच पुढे. त्यांच्यात कोईकरची पाळलेली बदकंही असतात. दाणा मिळणार हे माहीत असल्यामुळे ती बिनधास्त आत शिरतात, आणि त्यांच्या भरवशावर रानातलीही शिरतात.

आता मूळ प्रश्न, ती पळत का नाहीत? कारण शत्रू नजरेसमोर असलेला बरा. आपल्याकडे अंगणात मांजर शिरलं की सातभाई कसे कलकलाट करत फांदीफांदीने त्याच्या मागे जातात, तसंच हे. पाण्यावर असलेल्या बदकाला काठावरच्या कोल्ह्याची लगेच धास्ती नसते. पण तो गेला कुठे, हे ठाऊक असायला हवं. त्यात तो पाठ दाखवून लांब चालला असेल तर बदकांना आणखी धीर येतो. कोल्ह्यासारखा तांबडा रंग आणि हलणारी झुपकेदार शेपटी या कामाला बरोब्बर का, ते यावरून कळेल. कॅनडात नोव्हा स्कोशियाच्या लोकांनीही हीच युक्ती साधली. तिथे लपलेला शिकारी काठावर काठी फेकत राहतो, तांबडा कुत्रा ती आणत बागडतो आणि कुतूहलाने बदकं बंदुकीच्या टप्प्यात येतात. त्या जातीला १९४५ साली तिथल्या केनेल क्लबची मान्यता मिळाली.

कोईतली शेवटची चाल मात्र वाऱ्यावर ठरते. बदक वारा येतो त्या बाजूला तोंड करून उडतं. म्हणून त्या दिवशी ज्या चराच्या टोकाकडून तळ्याकडे वारा येत असेल तोच चर निवडायचा. यासाठीच चर अनेक आणि वेगवेगळ्या दिशांना. बदकं वळणाच्या आत गेली की कोईकर त्यांच्या मागे, चराच्या तोंडाकडच्या बाजूला, फक्त त्यांनाच दिसेल असा उभा राहतो. रानबदकं घाबरून वाऱ्याकडे तोंड करून उडतात, म्हणजे थेट पिंजऱ्याकडे. पाळीव बदकं माणूस ओळखतात, ती शांतपणे तळ्यावर परततात. पण वारा असा असला की माणसाचा वासही बदकांकडेच जाणार! त्यावर जुन्या कोईकरांचा तोडगा म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या जळाऊ मातीचा धुमसता तुकडा हातात धरायचा, म्हणजे धुराखाली वास दबतो.

हे सगळं बदकांच्या माना मुरगळून ती बाजारात विकण्यासाठी होतं, हे मी कधी लपवत नाही. इंग्लंडने ही विद्या डचांकडून घेतली. १६६५ साली दुसऱ्या चार्ल्स राजाने लंडनच्या सेंट जेम्स पार्कात डच कारागिराकडून अशी जागा करून घेतली. लिंकनशायरमधल्या अ‍ॅशबीच्या एकाच ठिकाणी १८३३ ते १८६८ या काळात ९५ हजारांहून जास्त बदकं धरली गेली. मला हा आकडा सोसत नाही. तरीही ज्या जागी जोरात शिंकणंही वर्ज्य, जिथे रोज शेकडो पक्षी निर्धास्त झोपले तरच धंदा चालतो, ती जागा राखणाऱ्यांबद्दल मला आदर वाटतो. नेदरलँड्समध्ये तर त्यासाठी कायदाच आहे. कोईभोवती ठरलेल्या वर्तुळात, बऱ्याच ठिकाणी ७५३ मीटरच्या, बदकं उठतील असं काही करायला शेजाऱ्यांना मनाई असते. दलदली उपसून शेतं झाली, शहरं पसरली, बहुतेक कोई गेल्या. शंभराहून थोड्या जास्त उरल्या, आणि भोवतालच्या सपाट कुरणांत त्यांची झाडी आज पाखरांसाठी राखीव बेट होऊन उभी आहे.

कोई गेल्या तसे कुत्रेही गेले. सतराव्या शतकातल्या डच चित्रांत घरोघरी दिसणारी ही ठेवण दुसऱ्या महायुद्धापर्यंत संपत आली होती. व्हान हार्डेनब्रूक व्हान आमर्स्टोल या बॅरोनेसबाईंनी गावोगाव हिंडणाऱ्या एका फेरीवाल्याला कुत्र्याच्या केसांची बट आणि चित्र दिलं आणि असा कुत्रा दिसला तर कळव म्हणून सांगितलं. त्याने फ्रीसलंडमध्ये टॉमी नावाची कुत्री शोधून काढली. तिच्यापासून जात पुन्हा उभी राहिली आणि १९७१ साली तिला अधिकृत मान्यता मिळाली. माझ्या पायाशी झोपलेला हा तांबू तिच्याच वंशातला. युद्धाच्या धामधुमीत एका बाईने हे मनावर घेतलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आज अनेक कोईंत बदकं धरतात ती पायात कडी अडकवून सोडण्यासाठी. रॉटरडॅमच्या इरॅस्मस वैद्यकीय केंद्राचे संशोधक अशा बदकांचे नमुने घेऊन बर्ड फ्लूच्या विषाणूंचा अभ्यास करत आले आहेत. जाळ्यात येणाऱ्यांत मॅलर्ड असतात, टील असतात आणि तलवार बदकही असतं. हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला किंवा भिगवणला गेलेल्यांना ते वेगळं दाखवायला नको.

इकडे आलात तर एखादी कोई जरूर बघा. वाटाड्याबरोबरच आत सोडतात, तेव्हा आधी विचारून जा. आणि तट्टीमागे उभं असताना फोन पूर्ण बंद ठेवा.