सावरीखालची सकाळ

“आपल्याकडे वसंत कुठे येतो? थंडी संपली की थेट उन्हाळाच लागतो,” हे वाक्य मी पुण्यात इतक्या वेळा ऐकले आहे, आणि स्वतःही इतक्यांदा बोलून दाखवले आहे, की त्याची शहानिशा करावी असे कधी मनातही आले नव्हते. महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असे आमच्या घरातील वडीलधारी माणसे सांगत. पण ती गेल्यावर तिच्या जागी कोण येते, ते मात्र कोणी सांगत नसे. पंचांग पाहावे तर गोंधळ आणखी वाढतो, कारण वसंतपंचमी येते माघात, म्हणजे ऐन शिशिरात, आणि वसंत ऋतू सुरू होतो चैत्रात. तोवर पुण्यात भर दुपारी रस्त्यावर पाऊल टाकवत नाही. या मधल्या दोन महिन्यांत झाडांचे काय चाललेले असते, हे मला आत्याकडे चार दिवस राहिल्यावर पहिल्यांदा नीट दिसले.

२०२५ साली महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारगेटहून अर्ध्या तिकिटात भोर गाठले आणि तिथून महाडच्या रस्त्याने जाणाऱ्या वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून, हिर्डस मावळात नीरा-देवघर धरणाच्या पाण्याकाठी असलेल्या आत्याच्या गावी पोहोचले. हा मुलूख मी आजवर फक्त पावसाळ्यात पाहिला होता. आता गवत पिवळे पडून आडवे झाले होते, भाताच्या खाचरांत नुसती धसकटे उरली होती आणि डोंगरउतारावरचे साग, ऐन अशी सारी झाडे इतकी उघडीबोडकी झाली होती की त्यांच्या फांद्यांमधून पलीकडचा कातळ स्पष्ट दिसत होता. मी मनातून खट्टू झाले. तेवढ्यात एका वळणावर, खूप उंचावर, त्या करड्या उतारात एकच लालभडक ठिपका दिसला. “केवढी फुले आली आहेत त्या झाडाला!” असे मी शेजारच्या बाईंना म्हटले, तेव्हा त्या म्हणाल्या, “फुलं न्हाईत ती. कोशिंब हाय, पालवी फुटलीय तिला.”

कोशिंबीला काही लोक कुसुंबही म्हणतात. तिची कोवळी पाने लाल असतात हे मी वाचलेले होते. पानात हरितद्रव्य पुरेसे तयार होईपर्यंत हा लाल रंग कोवळ्या पेशींना कडक उन्हापासून जपतो, हेही ठाऊक होते. पण वाचलेली गोष्ट दीड-दोन किलोमीटरवरून अशी डोळ्यांत भरेल, याची कल्पना नव्हती. त्या झाडापर्यंत चढून जायचे आणि एक पान हातात घेऊन पाहायचे, असे मी तिथल्या तिथे ठरवले. आणि चढण मोठी आहे म्हणून तो बेत शेवटच्या दिवसावर ढकलला.

आत्याचे परसदार लहानसे आहे, पण ऋतूचा हिशेब तिथे जितका चोख ठेवला जातो तितका मी कुठे पाहिलेला नाही. मोगऱ्याला तिने पौषात पाणी तोडून ताण दिला होता, पाने ओरबाडून काढली होती, फांद्या छाटल्या होत्या, आणि मग खत घालून पुन्हा पाणी सुरू केले होते. त्यामुळे छाटलेल्या प्रत्येक टोकाशी पोपटी पानांची जोडी आणि त्या जोडीच्या बेचक्यात तांदळाच्या कणीएवढ्या कळ्या दिसत होत्या. डाळिंबाला केशरी फुले लागली होती. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या या बहाराला शेतकरी ‘आंबिया बहार’ म्हणतात, म्हणजे आंबा मोहोरतो त्या दिवसांतला बहार. दुसऱ्या झाडाच्या फुलण्यावरून आपल्या झाडाचा हंगाम ओळखण्याची ही रीत मला फार आवडते. भोर, मावळ, मुळशीच्या आंबेमोहोर तांदळाचे नावही त्याच सुवासावरून पडले आहे. त्या दुपारी चुलीवर तो भात रटरटत होता, दाराबाहेर खरा मोहोर डुलत होता, आणि ओटीवर बसल्यावर कोणता वास कुठून येतो आहे हे क्षणभर मलाही सांगता आले नसते.

लिंबाच्या झाडापाशी आत्याने मला थांबवले आणि एका कोवळ्या, तांबूस पानावर बोट ठेवले. पानावर पक्ष्याची विष्ठा पडलेली असावी असे वाटले. जवळ जाऊन पाहिले तर ती लिंबाच्या फुलपाखराची अळी होती, काळपट तपकिरी, मध्ये पांढरा पट्टा असलेली आणि अगदी निश्चल. “दोन-चार पानं खाऊ देत तिला. नवी पालवी आल्याशिवाय ती येत न्हाई, आणि ती आली की मी समजते की झाडानं अंग धरलं,” असे म्हणून तिने ते पान अलगद सोडून दिले.

मोहोराबद्दल मात्र तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. झाडाच्या एका अंगाला मोहोर ताजा होता, तर दुसऱ्या अंगाला वाटाण्याएवढ्या कैऱ्या धरल्या होत्या. खालची पाने तुडतुड्यांच्या चिकट स्रावाने चकाकत होती. ऊन यंदा फार लवकर तापले आहे, असे ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. पुढे हवामान खात्याने तो फेब्रुवारी १९०१पासूनच्या नोंदींमधला देशातील सर्वांत उष्ण फेब्रुवारी असल्याचे जाहीर केले, तेव्हा मला आत्याचे ते बोलणे आठवले.

दुसऱ्या दिवशी उजाडण्याआधी आतोबांनी मला उठवले आणि पाण्याच्या दिशेने बांधावरून चालत एका काटेसावरीपाशी नेले. ज्या सकाळीसाठी हे सारे लिहायला बसले, ती हीच सकाळ. झाड जुने होते. कोवळेपणी सावरीच्या खोडावर असतात ते शंकूसारखे काटे बुंध्यावरून झिजून गेले होते आणि फक्त वरच्या फांद्यांवर राहिले होते. अंगावर पान म्हणून एकही नव्हते. पूर्वेला फटफटू लागले तेव्हा आधी फांद्यांचे आडवे मजले दिसू लागले, मग त्यांवरच्या गोट्यांसारख्या काळपट कळ्या, आणि मग, जणू कोणी खालून वरपर्यंत एकेक दिवा लावत जावे तशी, लाल फुले.

पहिला आला तो कोतवाल. सर्वांत उंच फांदी त्याने ताब्यात घेतली आणि पुढचा अर्धा तास, येईल त्याच्या अंगावर तो धावून जात राहिला. त्याला न जुमानता साळुंक्या आल्या, बुलबुल आले, एक हळद्या आला आणि फुलात डोके खुपसून बाहेर आला तेव्हा त्याच्या पिवळ्या कपाळावर परागांची पूड बसलेली होती. पोपटांची जोडी मध पिण्याच्या भानगडीत न पडता सरळ फुले कुरतडून खाली टाकत होती. सूर्य वर आल्यावर भोरड्यांचा थवा पाण्यावरून वळण घेत आला आणि एका क्षणात झाड गुलाबी-काळे होऊन कलकलू लागले. या भोरड्या मध्य आशिया आणि पूर्व युरोपातून हिवाळ्यासाठी आपल्याकडे येतात. पळसाच्या फुलांवर गर्दी करतात म्हणून त्यांना पळसमैना असेही नाव आहे, आणि चैत्राच्या सुमारास त्या परत फिरतात. म्हणजे आपल्या वसंताच्या मधावर पोसून, पिले वाढवायला त्या हजारो किलोमीटर दूर जातात. पानांचा आडोसा नसल्यामुळे फुले लांबून दिसतात आणि पाखरांना फुलापर्यंत सरळ पोहोचता येते. ज्या उघड्याबोडक्या फांद्यांना मी आदल्या दिवशी जीपमधून मरगळ समजले होते, ती त्या झाडाने पाहुण्यांसाठी केलेली मोकळी वाट होती.

“खाली उभी राहू नकोस, फूल डोक्यात बसलं तर दगडासारखं लागतं बघ,” असे आतोबा म्हणेपर्यंत एक फूल माझ्या पायाशी पडलेच. फुले गळताना पाकळी-पाकळीने विखरत नाहीत, अखंड पडतात, आणि पडताना ‘धप्प’ असा स्पष्ट आवाज होतो. मी ते उचलले तेव्हा त्याच्या वजनाचे नवल वाटले. तळहात भरून जाईल एवढे फूल, मागे वळलेल्या पाच जाड पाकळ्या, आत गुलाबी पुंकेसरांचा दाट झुपका आणि प्रत्येक केसराच्या टोकाला काळसर ठिपका. खालची वाटी चामड्यासारखी जाड होती आणि ती तिरकी केली तेव्हा तळाशी पाण्यासारखा पातळ, गोडसर रस हलला. दोन मुंग्या त्यात बुडून मेल्या होत्या आणि तिसरी काठावरून खाली वाकून पाहत होती. एका पाकळीवर चोचीची खूण होती, ती अजून ओली होती. आतोबांनी पडलेली फुले टोपलीत भरून घेतली, कारण शेळ्यांना ती फार आवडतात. मी तिथे दोन तास बसले, एवढेच मला नंतर घड्याळावरून कळले.

परतताना आतोबांनी सांगितले की घाटाखाली काही गावांत होळीसाठी सावरच तोडून आणतात. होळीचे महत्त्व मला मान्य आहे. लहानपणी तिच्याभोवती नाचलेलीही आहे. पण इतकी पाखरे जिच्या पंगतीला बसलेली मी पाहिली, ती ऐन फुलण्याच्या दिवसांत तोडली जावी, हे मला सोसवत नाही, आणि ते मी आतोबांना स्पष्टपणे सांगितले. ते गप्प राहिले, मग म्हणाले, “आपल्या बांधावरच्या सावरीला कोण हात लावतंय, ते मी बघतो.”

शनिवार उन्हात आणि आत्याच्या आग्रहाच्या जेवणांत गेला. संध्याकाळी पाण्याकाठी तंबू ठोकलेल्या एका टोळक्याने मोठ्या आवाजात गाणी लावली आणि सावरीवर वस्तीला येऊ पाहणारी पाखरे दोन वेळा उठून गेली. निवांतपणासाठी इतक्या दूर येऊन तो निवांतपणाच मोडण्यात लोकांना काय मिळते, हे मला खरोखर समजत नाही. पश्चिमेला शुक्राजवळ द्वितीयेची चंद्रकोर होती. ती मावळल्यावर, काळोख दाटला तेव्हा, समोरच्या डोंगरावर एक बारीक केशरी रेघ दिसली.

वणवा. कोणी लावला हे कोणालाच ठाऊक नव्हते, निदान कोणी बोलले नाही. गवत जाळले की पुढच्या पावसात चांगले फुटते, ही समजूत जुनी आहे. ती रेघ वाऱ्यासरशी पसरत गेली आणि फांद्या तडतडण्याचा आवाज अंगणापर्यंत येऊ लागला. आतोबा आणि गावातले सात-आठ जण हिरव्या डहाळ्या घेऊन वर गेले. अशा वेळी आग झोडपून विझवण्याखेरीज दुसरे साधन हाताशी नसते. आम्ही बायका ओटीवर उभ्या होतो. ज्या दिवसांत झाडे पालवतात, रातवे आणि तित्तिर जमिनीवर अंडी घालू लागतात, नेमक्या त्याच दिवसांत हे होते, दर वर्षी होते, आणि पावसाळ्यात उघडी पडलेली माती वाहून खाली धरणात जाते. हे मला कळत होते, पण त्या घटकेला माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती: कोशिंब नेमकी कुठे होती? रेघेच्या वर की खाली?

रात्री एक वाजता माणसे परतली तेव्हा आतोबांच्या भुवया करपल्या होत्या. देवराईच्या हद्दीशी आग अडवली, एवढेच ते म्हणाले आणि तांब्याभर पाणी एका दमात प्यायले.

रविवारी पहाटे मी एकटीच निघाले. चढणीवर पाऊल ठेवले की राख घोट्यापर्यंत उडत होती आणि दगड अजून ऊन होते. कोशिंब सापडायला वेळ लागला नाही, कारण आसपास दुसरे काहीच उभे नव्हते. खालच्या फांद्यांची पालवी उष्णतेने गुंडाळून विटकरी झाली होती आणि हात लावताच चुरा होत होती. मात्र देवराईकडे झुकलेल्या वरच्या दोन फांद्या वाचल्या होत्या. त्यांतली एक खाली ओढून मी पान पाहिले. ते डाळिंबाच्या दाण्यासारखे पारदर्शक लाल होते, ओल्या कापडासारखे मऊ आणि इतके नवे की त्याला आपला भार धरून ताठ राहणेही अजून जमत नव्हते. मी ते तोडले नाही. गुरुवारी, उरलेल्या फांद्याही अशाच होत्या तेव्हा, मी वर चढून यायला हवे होते.

घरी आले तर आत्या परसदारात होती. रात्रभर उडालेली राख मोगऱ्याच्या पानांवर आणि कळ्यांवर करड्या थराने बसली होती. ती तांब्यातले पाणी ओंजळीत घेऊन एकेक फांदी धूत होती, बोटांच्या टोकांनी, कळी दुखावू नये अशा बेताने. मला पाहून तिने विचारले, “मिळाली का गं कोशिंब?” मी म्हटले, “दोन फांद्या आहेत.” तिने मान हलवली, दुसरा तांब्या माझ्या हातात दिला आणि लिंबाकडे बोट दाखवून म्हणाली, “ती अळी असंल तिथं. तिला भिजवू नकोस.”