स्नोमोबाइलचं मागचं सस्पेन्शन बूड टेकतंय? कॅम फिरवण्याआधी हे बघा

ऑन्टारिओ काय किंवा मिनेसोटा काय, स्नोमोबाइलच्या, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीच्या, गर्दीच्या ट्रेलवर शनिवारी दुपारपर्यंत स्टॉपच्या पाटीआधी बर्फाच्या उंचवट्यांची रांग उभी राहते. तिथे मागून ‘ठाण्’ वाजलं, म्हणजे सस्पेन्शनचा प्रवास (दबण्याचं अंतर) संपून त्याने बूड टेकलं, की बहुतेक जण खाली उतरतात आणि टॉर्शन स्प्रिंगचा (पीळ देऊन काम करणाऱ्या मागच्या स्प्रिंगचा) कॅम, म्हणजे ती आधीच किती दाबायची ते ठरवणारा फिरता तुकडा, एक घर चढवतात. आवाज थोडा कमी होतो. पण हॅण्डल जड होतं, बारीकसारीक खड्डे कमरेत बसू लागतात, आणि मोठ्या उंचवट्यावर गाडी पुन्हा आपटतेच.

कारण प्रीलोडने, म्हणजे कॅम चढवून, स्प्रिंग कडक होत नाही, ती फक्त आधीपासून थोडी दाबलेली राहते. बुलेटच्या मागच्या शॉकची खाच वाढवणाऱ्यांना हे ठाऊक असेल: मागे माणूस बसला की उंची सावरते, खड्डा मात्र तोच लागतो.

म्हणून आधी सॅग, म्हणजे तुमच्या वजनाने गाडी मागून किती खाली बसते ते, मोजा. टाकी भरलेली हवी. 40 लिटर पेट्रोल म्हणजे जवळजवळ 30 किलो. मागचा बंपर उचलून सस्पेन्शन पूर्ण सुटू द्या आणि बंपरपासून जमिनीपर्यंतचं अंतर घ्या. मग हेल्मेट, बूट, पाठीवरची बॅग, सगळं चढवून नेहमीच्या जागी बसा आणि दुसऱ्याला मोजायला सांगा. स्की-डू या स्नोमोबाइल ब्रँडच्या बऱ्याच ट्रेल मॉडेल्सच्या पुस्तिकेत हा फरक 50 ते 75 मिमी दिलेला असतो. आपल्या मॉडेलचा आकडा बघून घ्या. फरक जास्त आला तर कॅम चढवा, दोन्ही बाजूंना सारखाच, आणि मागचा भार उचलून. सर्वात कडक घरावरून थेट सर्वात मऊवर उडी मारू नका, पाना हातातून सुटून बोटांवर येतो.

कॅम शेवटच्या घरावर नेऊनही सॅग जास्तच राहिला, तर स्प्रिंग तुमच्या वजनाची नाही. तारेचा व्यास वाढवा. कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे वेटोळी तीच असतील तर 10.5 ऐवजी 11 मिमीची तार सुमारे 20 टक्के कडक पडते. अर्धा मिलिमीटर म्हणून हसू नका.

सॅग बरोबर आहे आणि तरीही आपटतंय? मग खरी तपासणी इथून सुरू होते. मधल्या आणि मागच्या, दोन्ही शॉकच्या दांड्यांवर एकेक झिप टाय बांधा, सील्सला टेकवून. दोन-चार किलोमीटर चालवून बघा. जो टाय रबराच्या बंपरपर्यंत ढकलला गेला, तो शॉक बूड टेकतोय. मधला असेल तर दणका पायाखाली लागतो, आणि तिथे टॉर्शन स्प्रिंग कितीही आवळली तरी फारसा उपयोग नाही. मधली स्प्रिंग किंवा त्या शॉकचं कॉम्प्रेशन (दबताना होणारा विरोध) बघावं लागतं. लिमिटर पट्ट्याला (सस्पेन्शनचा पुढचा भाग किती खाली उतरेल ते रोखणाऱ्या पट्ट्याला) मात्र या कामासाठी हात लावू नका. तो आखडला की स्कीवर भार येतो, वळणाची चव बदलते आणि ट्रॅकचा (गाडी ढकलणाऱ्या रबरी पट्ट्याचा) ताणही पुन्हा तपासावा लागतो.

यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न: दणका पहिल्याच उंचवट्यावर बसतो की चौथ्या-पाचव्यावर? पहिल्यावर बसत असेल तर कॉम्प्रेशन दोन क्लिक (शॉकवरच्या फिरत्या बटणाच्या दोन खाचा) वाढवा. पहिले तीन गिळून चौथ्यावर आपटत असेल तर रिबाउंड (दबलेला शॉक परत उघडणं) फार हळू आहे. शॉक पूर्ण उघडायच्या आत पुढचा उंचवटा येतो, दर वेळी थोडा प्रवास कमी होतो आणि शेवटी काही उरतच नाही. इथे शॉक सैल करायचा असतो, आणि नेमकं इथेच लोक आणखी आवळतात. रिबाउंड दोन क्लिक उघडा आणि तोच रस्ता परत चालवा. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि क्लिक पूर्ण बंद स्थितीपासून मोजून लिहून ठेवा.

तिसरा प्रकार: सकाळी गाडी झकास, तासाभरानंतर धपाधप. शॉकमधलं तेल तापलंय, फेसाळलंय किंवा त्यात भरलेला नायट्रोजन गेलाय. शॉक काढून हाताने दाबा. गॅसचा शॉक आपोआप बाहेर यायला हवा आणि मध्ये कुठे पोकळ वाटता कामा नये. पोकळ वाटला तर सर्व्हिसला द्या, क्लिकने भागणार नाही.

दिवसातून एखाद्या वेळी, सर्वात मोठ्या खड्ड्यात, हलकं बूड टेकलं तर ते चांगलंच आहे. अजिबात टेकत नसेल तर प्रवासाचा शेवटचा भाग तुम्ही वापरतच नाही. मात्र टनेलच्या (ट्रॅकवरच्या धातूच्या छताच्या) आतल्या बाजूला ट्रॅकच्या दातांचे ओरखडे दिसले किंवा रबरी बंपर चिरला असेल, तर थांबा.

एअर शॉकवाल्यांनी (स्प्रिंगऐवजी हवेचा दाब वापरणारा शॉक असलेल्यांनी) हवा गराजमध्ये भरू नये. 20 अंशांत 100 पीएसआय भरलेला शॉक बाहेर उणे 20 मध्ये साधारण 84 वर येतो. गाडी तासभर बाहेर उभी करा, मग पंप लावा. पंप लावताना थोडी हवा नळीत जाते, त्यामुळे नुसतं तपासायला लावलात तरी आकडा कमी दिसणार, तेवढी भरून घ्या. काढताना होणारा ‘फुस्स’ आवाज नळीतल्या हवेचा असतो, शॉकमधल्या नाही.