तुम्ही विचारलंत म्हणून: दादाचे टॉवर वापस का केले?

लग्नात विचारतात, दहाव्याला गेलो तरी विचारतात. "दादानं पुण्याहून कमरेएवढे टॉवर स्पीकर पाठवले होते म्हणे. ते वापस केलास आणि हे एवढुले डबे ठेवलास?" पुढचं 'येडा झालास का' तोंडातल्या तोंडात असतं, तेही ऐकू येतं. आता एकदाच लिहून टाकतो. यापुढे कुणी विचारलं की हेच पाठवणार.

आधी खोली. दहा बाय बारा, स्लॅब दहा फुटांवर, खाली शहाबादी फरशी, भिंतींना गुळगुळीत पुट्टी. लातुरात अशाच खोल्या असतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाच्या पहाटेनंतर आमच्या भागात दगडमातीच्या भिंतीखाली झोपायची कुणाची छाती झाली नाही. माळवदं गेली, स्लॅब आले. बरंच झालं, त्यावर माझा वाद नाही. पण माळवदाखाली बसून ज्यानं भजन ऐकलंय त्याला विचारा. लाकडी तुळया, वर मातीचा थर, खाली सारवलेली जमीन. आवाज त्यात मुरायचा. स्लॅबखाली तो मुरत नाही, आदळून परत येतो.

आता हिशेब. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींत ज्या स्वराची अर्धी लहर बरोबर मावते, तो स्वर त्या खोलीत फुगतो. बारा फुटांना तो ४७ हर्ट्झच्या (सेकंदाला तेवढी कंपनं) आसपास येतो, दहा फुटांना ५६ च्या. माझी रुंदीही दहा आणि उंचीही दहा, म्हणजे ५६ ला दुहेरी फुगवटा. दादाचे टॉवर चाळीसपर्यंत आरामात उतरतात. माझे पाच इंची वूफरचे (खालचे स्वर वाजवणारा पडदा) लहान स्पीकर साठाच्या खाली मान टाकतात. खोली जिथं फुगते तिथंच टॉवर अंगात आल्यासारखे वाजतात आणि लहान जवळजवळ गप्प असतात. संपलं उत्तर.

संपलं नाही, मला माहीत आहे. कारण या डब्यांना तळ नाही, म्हणजे खालचा जाड आवाज नाही, तबल्याचा बायाँ (डग्गा) बोलत नाही, तबला पत्र्यावर वाजवल्यासारखा वाटतो, हे रडगाणं वर्षानुवर्षं मीच गात होतो. मोठ्या वूफरशिवाय गाणं ऐकणं म्हणजे वेळ घालवणं, असंही मी चारचौघांत बोललोय. ते ऐकून ऐकूनच दादानं स्वतःसाठी नवी जोडी घेतली तेव्हा जुनी टेम्पोत घालून मला पाठवली. "तूच म्हणायलास ना तळ पाहिजे म्हणून?" हा त्याचा प्रश्न आजही उभा आहे. त्या काळातल्या मला मी एवढंच म्हणेन, की बाबा, तळ स्पीकरचा वेगळा आणि खोलीचा वेगळा. तो माझं ऐकणार नाही. आणि बायाँचं त्याचं म्हणणं अगदीच खोटं होतं असं मलाही वाटत नाही.

दसऱ्याला दादा-वहिनी आले. जेवणं झाली आणि दादा म्हणाला, "अण्णांचं लाव." अण्णांचं म्हणजे गावच्या सप्त्यातली कॅसेट. मारुतीच्या देवळात कुणीतरी टेपरेकॉर्डर खांबाला टेकवून भरलेली. मी ती पुढे कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. अण्णा, आमचे वडील, पखवाजावर.

लावलं. पहिल्याच थापेला खिडकीची काच थरथरली आणि दादानं डोळे मिटले. "बघ," म्हणाला, "असाच हात होता त्यांचा. पोटात लागायचा." मला मात्र पखवाजाखाली एक सलग घूं ऐकू येत होती. थाप पडो न पडो, घूं चालूच. ती अण्णांची नव्हती, देवळातल्या लाइटची होती. आपली वीज ५० हर्ट्झची; टेपमध्ये शिरली की तिथंच घुमते, आणि ५० म्हणजे माझ्या खोलीच्या ४७ नि ५६ च्या मध्ये. टॉवर बिचारे इमानानं वाजवत होते.

मी तेव्हा गप्प बसायला हवं होतं, असं बायको म्हणते. मी उठलो, वायरी सोडवल्या, लहान स्पीकर आणले, तिथंच मांडले आणि तोच अभंग पुन्हा लावला. तो संपल्यावर अण्णा टाळकऱ्यांना काहीतरी सांगतात. टॉवरवर ती नुसती गुरगुर होती. आता स्वच्छ ऐकू आलं: "टाळ जरा दमानं घ्या रे. वीणा ऐकू येईना." मग खोकला. मग डाव्या पुडीवर ओली कणीक पुन्हा थापल्याचा चपचप आवाज. मी खूश होऊन दादाकडे बघितलं, तर त्याचं तोंड उतरलेलं. "अण्णांचं पाप्याचं पितर करून टाकलास," म्हणाला.

पुढचं बोलणं स्पीकरवर राहिलं नाही. शेवटच्या दुखण्यात अण्णांजवळ कोण होतं आणि पुण्यात कोण होतं, तिथपर्यंत गेलं. वहिनी मध्ये पडल्या म्हणून थांबलं. सकाळी टेम्पोवाल्याला फोन मी केला.

हेच ऐकायचं होतं ना? घ्या. टॉवर खोलीत बसत नव्हते हे खरं. पण नुसतं तेवढंच असतं तर माणूस दुसऱ्या दिवशी टेम्पो सांगत नाही. भिंतीपासून पुढं ओढतो, कोपऱ्यात गाद्या उभ्या करतो, स्पीकरच्या मागच्या भोकात स्पंज कोंबून बघतो. यातलं थोडं मी केलं होतं, बरंच राहिलं होतं.

'डबे' मात्र म्हणायचं नाही. आधी ते पुस्तकांच्या फळीवर भिंतीला चिकटून होते, म्हणून आवाज गढूळ यायचा. आता फॅब्रिकेशनवाल्याकडून चौकोनी पाइपचे स्टँड करून घेतलेत. आत वाळू भरली, तीही चाळून आणि घरच्या कढईत भाजून, कारण ओली वाळू पाइप आतून गंजवते. (ती कढई आता स्वयंपाकघरात चालत नाही.) लहान स्पीकरनं जागा वाचते असं दुकानदार सांगतात. नाही वाचत, स्टँड धरला तर टॉवरइतकीच फरशी जाते. मिळते ती उंची. आम्ही सतरंजीवर मांडी घालून ऐकतो, कान अडीच फुटांच्या आत. टॉवरचा ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारा, तीन फुटांच्या वर, सोफ्यावाल्यांच्या मापाचा. तो कापून खाली घेता येत नाही, स्टँड घेता येतो.

वॉटचं विचारू नका. टॉवर तेवढ्याच वॉटला जास्त मोठा वाजतो हे कबूल. तीन डेसिबल वाढवायचे तर ताकद दुप्पट लागते. पण मी सात फुटांवर बसतो आणि मला वरात काढायची नाही. पेटीच्या काळी एक पट्टीत लावलेल्या तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालची तार, ६९ हर्ट्झच्या आसपास, आणि त्याची खरी गंमत जवारीतून (तार घोडीला घासून उठणाऱ्या झंकारातून) निघणाऱ्या वरच्या स्वरांत. दादा ऐकतो त्या गाण्यांत बेस गिटार असते, तिची सगळ्यात जाड तार ४१ वर. त्याला टॉवर पाहिजेतच. सबवूफर (नुसत्या खालच्या आवाजाचा वेगळा स्पीकर) घे म्हणणारे मला उगाच खर्चात घालतात; तोही याच खोलीत येऊन ५६ लाच फुगणार. तरी एकाची किंमत विचारून ठेवली आहे.

टॉवर आता पुतण्याकडे आहेत. त्याचा हॉल स्वयंपाकघरापर्यंत मोकळा, जाड पडदे, सोफा. दादा फोनवर म्हणतो, "अण्णांचं घेऊन ये." मी कॉम्प्युटरवर त्या फाइलमधला नेमका ५० चा पट्टा कापून घूं काढली आहे. तिच्याबरोबर पखवाज किती गेला ते मला कळत नाही, दादाला कळेल. दिवाळीत जायचं चाललंय. तिथं टॉवरवर ते 'टाळ जरा दमानं' स्वच्छ ऐकू आलं, तर मग मोठी खोली का नाही बांधलीस, हे विचारायला कुणी येऊ नका.