काक्षीपासून राजन्यापर्यंत, दोन सेकंद

१३ डिसेंबरच्या संध्याकाळी आम्ही पठारावर पोहोचलो ते मिथुन उल्कावर्षावासाठी. जागा निवडताना दोनच गोष्टी पाहिल्या होत्या: दक्षिणेचं आकाश क्षितिजापर्यंत मोकळं हवं आणि वस्तीचे दिवे डोंगराआड हवेत. दुर्बीण नेलीच नाही. दुर्बिणीतून आकाशाचा एवढासा तुकडा दिसतो आणि उल्का हमखास त्याच्या बाहेर पडते. सतरंजी, स्लीपिंग बॅग, लाल कागद लावलेली विजेरी, वही आणि पेन्सिल एवढं पुरतं. पेन्सिल मुद्दाम, कारण कडाक्याच्या थंडीत बॉलपेन मध्येच लिहायचं थांबतं.

अंधाराला डोळे सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. मोबाइल एकदा उजळला की ती मिनिटं पुन्हा पहिल्यापासून मोजायची. हा वर्षाव पहाटे दोनच्या आसपास सर्वांत चांगला, कारण तेव्हा पुनर्वसूजवळचा उद्गमबिंदू, म्हणजे सगळ्या उल्का जिथून निघाल्यासारख्या दिसतात ती जागा, आकाशात उंच असतो. पण त्याच्याकडेच टक लावू नये, तिथल्या उल्का आखूड दिसतात. हात ताठ करून धरलेली मूठ म्हणजे साधारण १० अंश. उद्गमबिंदूपासून चारपाच मुठी दूर, पाठीवर निजून पाहावं.

१ वाजून ४७ मिनिटांनी मृग नक्षत्रात, काक्षी या ताऱ्याच्या अलीकडे, एक पिवळा ठिपका पेटला. मृगातल्याच राजन्य या ताऱ्याकडे जाताना तो पांढरा, मग हिरवट होत गेला आणि वहीची सावली सतरंजीवर सरकताना दिसली. राजन्य ओलांडून थोडं पुढे शेवटचा भपका, दोन ठिणग्या, आणि विझला. मागे राखाडी रेघ सातआठ सेकंद तरंगत राहिली. शुक्राहून तेजस्वी उल्केला अग्निगोल म्हणतात. हा नक्कीच अग्निगोल होता.

अशा वेळी उठू नये, ओरडू नये. आधी मार्ग ताऱ्यांवर पक्का करायचा: कुठून, कशाजवळून, कुठपर्यंत. मग वेळ, मग रंग. कालावधीचा अंदाज जवळजवळ नेहमी जास्त येतो, म्हणून प्रसंग मनात पुन्हा चालवून घड्याळावर मोजायचा. आमचे दोन सेकंद भरले. मार्ग मागे वाढवला तर रेघ पुनर्वसूपाशी पोहोचली, म्हणजे उल्का मिथुन वर्षावाचीच. विमानाचे दिवे लुकलुकतात आणि वातावरणात परतणारा उपग्रह मिनिटभरसुद्धा रेंगाळतो, त्यामुळे त्यांच्याशी गल्लत व्हायचं कारण नाही.

या उल्का फेथॉन या १९८३ मध्ये सापडलेल्या लघुग्रहाच्या. त्यांचा वेग सेकंदाला सुमारे ३५ किमी, तर ऑगस्टमधल्या ययाती वर्षावातल्या उल्कांचा ५९. म्हणून मिथुनातली उल्का नजरेला सवड देते. ती नुसत्या घर्षणाने पेटते असं म्हणतात, पण तेवढंच खरं नाही. पुढ्यातली हवा जोरात दाबली जाऊन तापते, कणाचा पृष्ठभाग वाफ होऊन उडतो आणि त्या वाफेतले व हवेतले अणू चमकतात. पिवळा रंग सोडियमचा, निळसर-हिरवा मॅग्नेशियमचा.

आवाजासाठी आम्ही दहा मिनिटं गप्प पडून राहिलो. ध्वनी मिनिटाला साधारण २० किमी जातो, त्यामुळे १०० किमीवरून यायला पाच मिनिटं लागतात. काही आलं नाही, आणि ते अपेक्षितच होतं: कण खूप खाली उतरल्याशिवाय गडगडाट जमिनीवर पोहोचत नाही. रशियातल्या चेल्याबिन्स्कवर १५ फेब्रुवारी २०१३ रोजी मोठी उल्का फुटली तेव्हा प्रकाश आधी आला, धक्का दोनेक मिनिटांनी. तोवर लोक काचेच्या खिडकीशी उभे होते, म्हणून बहुतेक जखमा काचांनी झाल्या. ‘पलीकडच्या टेकडीमागे पडली’ हा भासही असाच फसवा. विझली तेव्हाही ती कित्येक दहा किलोमीटर उंचावर होती.

कॅमेऱ्यावर १६ मिमी भिंग होतं, छिद्र एफ २.८, आयएसओ ३२००, सलग १५ सेकंदांच्या चौकटी. लांब उघडझापेची नॉइज कपात (चित्रातले नको असलेले ठिपके कमी करणारी कॅमेऱ्यातली सोय) बंदच ठेवावी, नाहीतर दर चौकटीनंतर तेवढाच वेळ वाया जातो. फोकस अनंताच्या खुणेवर नको. तेजस्वी तारा पडद्यावर मोठा करून हाताने जुळवावा. हे सगळं जमलं, पण भिंगावर दव साचलं आणि अग्निगोल धुरकट पट्टा होऊन उमटला. उघड्या आकाशाखाली काच हवेपेक्षा थंड होते. पुसली तरी काही मिनिटांत पुन्हा धुकं धरते. भिंगाभोवती गरम पट्टा पहिल्या चौकटीआधीच बांधायला हवा होता.

पहाटे आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या अर्जात जागेचे अक्षांश-रेखांश, वेळ, सुरुवात आणि शेवट यांची दिशा व उंची अंशांत भरली. पन्नास-शंभर किलोमीटरवरून आणखी कुणी तीच उल्का टिपली असेल, तर दोन्ही नोंदी जुळवून तिची खरी उंची आणि कक्षा काढता येते.