तुम्ही विचारलंत म्हणून: तारा की अलाईनर?

सांगलीत दातांचा दवाखाना चालवताना हा प्रश्न मला सतत येतो, मे महिन्यात तर रोजच: ‘मॅडम, पोराला तारा नकोत. ते पारदर्शक अलाईनर चालतील का?’

बऱ्याच मुलांना चालतात. पण उत्तर द्यायच्या आधी मी पोरालाच विचारते, डबा कुठं खातोस, खाल्ल्यावर चूळ भरतोस का? आईवडिलांना वाटतं, मॅडम गप्पा मारतायत. माझा निम्मा निर्णय त्या उत्तरावर ठरतो.

अलाईनर म्हणजे दातांवर बसणारा, काढता-घालता येणारा प्लॅस्टिकचा ट्रे. तो दिवसातले २० ते २२ तास तोंडात राहिला तरच काम करतो. एक ट्रे दात जेमतेम पाव मिलिमीटर हलवतो, मग आठवड्या-दोन आठवड्यांनी पुढचा. सततच्या हलक्या दाबानं दाताच्या एका बाजूचं हाड झिजतं, दुसऱ्या बाजूला नवं भरतं आणि दात सरकतो. दाब सुटला की तो मागं फिरतो आणि पुढचा ट्रे बसतच नाही. जेवताना मात्र ट्रे काढायचा, पाण्याशिवाय काहीही पिताना काढायचा, तोंड स्वच्छ करून परत घालायचा. आमच्याकडची पोरं भडंगाची पिशवी घेऊन बसली की तासभर उठत नाहीत. तेवढा वेळ ट्रे कुठं? खिशात, नाहीतर कागदी नॅपकिनात. लग्नाच्या जेवणात तो नॅपकिन पत्रावळीबरोबर उचलला जातो. हरवलेल्या ट्रेची गोष्ट बहुतेक वेळा हीच असते. म्हणून डबी दप्तरात कायम हवी.

तारा चिकटवलेल्या असतात, पोर विसरलं तरी त्यांचं काम चालू राहतं. पण दातानं ऊस सोलला की ब्रॅकेट, म्हणजे तार धरणारा दातावरचा छोटा तुकडा, निघालाच. नीट घासलं नाही तर ब्रॅकेटभोवती पांढरे डाग पडतात आणि तारा काढल्यावरही ते राहतात, हे मला फार लागतं. तालमीत जाणाऱ्या पोरांचे ओठ आतून सोलवटतात. असं पोर शिस्तीचं असेल तर मी आनंदानं अलाईनर देते. कुस्तीच्या वेळी ट्रे काढून माऊथगार्ड घालता येतो.

‘अजिबात दिसत नाही’ या जाहिरातीवर मात्र जाऊ नका. बहुतेकांच्या दातांवर दाताच्याच रंगाचे छोटे उंचवटे चिकटवावे लागतात, ट्रेला पकड मिळावी म्हणून. वळलेला सुळा फिरवायचा असेल, दात काढून मोठी फट मिटवायची असेल, तर माझा भरवसा अजून तारांवरच जास्त आहे. आणि खालचा जबडाच मागं असेल तर वाढीच्या वयात आधी त्याचा इलाज करायचा, दात ओळीत लावणं नंतर. त्यासाठी सातव्या वर्षाच्या आसपास एकदा दाखवून घ्या. बहुतेकांना तेव्हा काहीच करावं लागत नाही, पण कोणता दात कुठं अडलाय ते कळतं. घरच्या घरी माप घेऊन टपालानं ट्रे मागवण्याच्या फंदात लहान मुलांच्या बाबतीत पडूच नका. हिरडीत लपलेला दात एक्स-रेशिवाय दिसत नाही.

खर्च सहसा अलाईनरचा जास्त. पैसे ठरवताना रिटेनरचंही विचारा, तो दोन्हींत लागतो. सरळ झालेले दात जागेवर धरायला आधी तो बराच वेळ आणि पुढं कित्येक वर्षं रात्री घालावा लागतो.